चाकं ३ किलो ७२० ग्रॅम भरली, पण वाचणार किती?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यात शिक्षक आहे. वय ३६, वजन ७४ किलो. दोन वर्षांपूर्वी साधी रोडबाइक घेतली. ब्रेक रिंगवर लागतात, मागे नऊ गिअर, सायकलचं वजन साडेअकरा किलो. दर रविवारी आमचा पाच-सहा जणांचा गट कन्नडचा घाट चढतो. ज्या वळणापासून आम्ही घड्याळ लावतो तिथून वरपर्यंत मोबाइलवर १० किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ दिसतो. मला ४२ मिनिटं लागतात. गटातल्या एकाने दिवाळीत कार्बनची चाकं बसवली, तो ३४ मिनिटांत वर असतो. मी माझी दोन्ही चाकं काढून मामांच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. ३ किलो ७२० ग्रॅम भरली. कार्बनच्या जोडीवर वजन लिहिलंय १ किलो ५०० ग्रॅम. म्हणजे सव्वादोन किलो वाचतात, आणि फिरणारं वजन दुप्पट धरायचं असतं असं मित्र म्हणतो, म्हणजे साडेचार किलोचा फायदा. किंमत ६५,००० रुपये. कापसाचे पैसे आलेत. घरी अजून बोललो नाही. जानेवारीत तोरणमाळला जायचंय. घेऊ का?

उत्तर

नमस्कार भाऊ,

चाकं काढून काट्यावर ठेवलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण तेवढं न करताच पैसे मोजून मोकळे होतात. मामांचा काटा बरोबर आहे. चुकली आहे ती वजाबाकी.

कंपनी चाकाचं वजन छापते तेव्हा त्यात रिंग, हब म्हणजे चाकाचा मधला भाग, तारा आणि तारा रिंगला आवळणारी निपलं एवढंच धरते. टायर नाही, ट्यूब नाही, रिंगच्या आतली पट्टी नाही, मागच्या गिअरच्या चकत्यांची कॅसेट नाही. मामांच्या काट्यावर हे सगळं चाकासोबत बसलं होतं. गव्हाचं पोतं तोलायचं आणि पलीकडे नुसत्या गव्हाचा भाव विचारायचा, तसं झालं.

माझ्या पुतण्याची सायकल साधारण तुमच्याच जातीची आहे. रिंगवरचे ब्रेक, ३२ तारांची चाकं, २८ मिलिमीटरचे टायर, सगळं दुकानातून आलं तसंच. तुमचं पत्र वाचल्यावर त्याची दोन्ही चाकं मी खोलली आणि एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. हे तुम्हीही घरी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. काट्यावर एक छोटं पातेलं पालथं घाला, काटा शून्यावर आणा आणि चाक आडवं करून हब पातेल्यावर टेकवा. रिंग कुठेही ओट्याला किंवा भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर आकडा कमी दिसतो. हवा सोडून टायर-ट्यूब काढा, पट्टी काढा. कॅसेट काढायचं पान्याचं हत्यार नसेल तर सायकलवाल्याकडून दोन मिनिटांत काढून आणा.

पुढचं नुसतं चाक ९६० ग्रॅम भरलं, मागचं ११७०. दोन्ही मिळून २ किलो १३० ग्रॅम. बाकीच्यात प्रत्येक टायर ४७० ग्रॅमचा, प्रत्येक ट्यूब १४०, पट्टी २५ आणि कॅसेट ३२०. हे सगळं परत जोडून पाहिलं तर बेरीज ३ किलो ७२० ग्रॅम. तुमच्या आकड्याशी ग्रॅमभरही फरक नाही. हा योगायोग थोडा आणि एकाच धाटणीच्या मालाचा परिणाम जास्त, पण यावरून तुमच्या चाकांत काय दडलंय ते मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो.

म्हणजे खरी तुलना २१३० विरुद्ध १५००. वाचतात ६३० ग्रॅम. सव्वादोन किलो नव्हेत. छापील वजनापेक्षा प्रत्यक्ष चाक थोडं जड निघणं हेही नेहमीचंच, पण आपण कंपनीचा आकडा खरा धरून चालू.

चाक न खोलताही अंदाज काढता येतो, तोही सांगतो, कारण दुकानात उभं राहून दोन चाकांत निवड करायची वेळ येते तेव्हा तोच उपयोगी पडतो. मागे माझी एक तार तुटली होती. ती खिशात टाकून मी जळगावच्या सराफ बाजारात ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी अंगठी ठेवावी तशी ती काट्याच्या काचेच्या पेटीत अलगद ठेवली आणि झाकण लावलं. सात ग्रॅमच्या जरा वर. कागदावर मांडलं तरी तेच येतं. दोन मिलिमीटर जाडीची, २९ सेंटिमीटर लांबीची पोलादी तार सात ग्रॅमच्या आसपासच भरणार. अशा ६४ तारा म्हणजे ४४८ ग्रॅम. पितळी निपल एक ग्रॅमचं, त्यांचे ६४. रिंग ५६० ची धरली तर दोन्हीचे ११२०. यांची बेरीज २१३० मधून वजा केली की उरतात ४९८ ग्रॅम, ते दोन हब. आता कुणी तुम्हाला मधे बारीक केलेल्या तारा विकू लागलं तर तुम्ही लगेच मनात गणित कराल. तारेमागे सव्वा ग्रॅम वाचतो, म्हणजे सगळ्या मिळून ऐंशी ग्रॅम. पितळी निपलं काढून अॅल्युमिनियमची घातली तर आणखी चाळीस-पंचेचाळीस. पण अॅल्युमिनियमची निपलं घाम, पाणी, चिखल यांनी धरतात आणि दोन वर्षांनी आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला गेलं की पान्यात तुटतात. मी पितळीच ठेवतो.

आता घाट.

तुम्ही ७४ किलो, सायकल साडेअकरा, पाणी, बूट, हेल्मेट, हवेचा पंप, मोबाइल मिळून साडेचार. एकूण ९० किलो वर चढतात. त्यातले ६३० ग्रॅम म्हणजे ०.७ टक्के. १० किलोमीटर ४२ मिनिटांत म्हणजे ताशी चौदा किलोमीटरच्या थोडं वर. या वेगाला आणि तीन टक्के चढाला तुमच्या पायांच्या शंभर रुपयांच्या मेहनतीतले साधारण ७१ रुपये वजन वर ओढण्यात जातात, १६ रुपये टायर रस्त्यावर दबत-उठत जातो त्यात आणि १३ रुपये हवेला ढकलण्यात. वजन घटल्याचा फायदा पहिल्या दोन खात्यांत मिळतो, हवेच्या खात्यात नाही. उलट वेग वाढला की हवा थोडं जास्त मागते. हे सगळं धरून ६३० ग्रॅम तुम्हाला घाटमाथ्यावर किती आधी पोचवतील? बारा ते पंधरा सेकंद.

तुमचा मित्र तुमच्यापुढे आठ मिनिटं असतो. आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. त्यातल्या पंधराचा हिशेब चाकांनी दिला, उरलेल्या ४६५ चा नाही. तुमच्याइतकंच वजन घेऊन ३४ मिनिटांत वर जायचं तर पायांना तीस टक्के जास्त जोर लावावा लागतो. कदाचित तो लावतही असेल, कदाचित त्याचं वजन तुमच्यापेक्षा दहा-बारा किलोने कमी असेल, कदाचित दोन्ही. त्याला वजन विचारा, आणि दिवाळीच्या आधी जुन्या चाकांवर तो किती मिनिटांत चढायचा तेही विचारा. त्या एका आकड्यात तुमचं अर्धं उत्तर आहे.

दुप्पट वजनाची गोष्ट खोटी नाही, पण ती कुठे लागू होते ते मित्राने सांगितलेलं दिसत नाही. रिंगवरचा एखादा बिंदू सायकलसोबत पुढे जातो आणि शिवाय गोल फिरतो, म्हणून त्याला वेगात आणायला नुसत्या पुढे जाणाऱ्या वजनाच्या दुप्पट ऊर्जा लागते. वेगात आणायला. एकदा चाक फिरू लागलं की ते आपल्या गतीनं फिरत राहतं, त्यासाठी वेगळं काही मोजावं लागत नाही. चढावर तर तुम्ही एकाच संथ वेगात जात असता. तिथे रिंगमधला ग्रॅम आणि खिशातल्या किल्लीचा ग्रॅम सारखाच. आणि वेग घेतानाचा फरक तरी किती? रिंगमधले ३०० ग्रॅम कमी झाले आणि तुम्ही थांबलेल्या जागेवरून ताशी २५ किलोमीटरला आलात, तर वाचलेली ऊर्जा साधारण १५ जूल. तुम्हा दोघांना, म्हणजे तुम्ही आणि सायकल यांना, त्या वेगाला आणायला २,१०० जूलच्या वर लागतात. पाय ती १५ जूलची भरपाई सेकंदाच्या दहाव्या भागात करतात.

तरीही हलकं चाक हातात घेतल्यावर, पहिली दोन पॅडलं मारल्यावर सायकल उडी मारते असं वाटतं, आणि ते वाटणं खरं आहे. मी स्वतः अनुभवलंय. बाजारपेठेत थांबत-निघत जाताना ते जाणवतं. फक्त ते कन्नडच्या घाटात मिनिटं देत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. पुढच्या रविवारी नेहमीसारखा घाट चढा. त्याच्या पुढच्या रविवारी एका जादा बाटलीत ६०० मिलिलिटर पाणी भरून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा. बाटलीसकट ते ६३०-६५० ग्रॅम होतं. तेवढंच वजन चाकांतून जायचं आहे, आपण ते आधी वाढवून बघतोय. त्याच वेळेला निघा, त्याच दमाने चढा. दोन रविवारच्या वेळांत फरक पडेल, पण तो बाटलीमुळे पडला की वाऱ्यामुळे, आदल्या रात्रीच्या झोपेमुळे की पुढे एसटी आडवी आल्यामुळे, हे तुम्हाला सांगता येणार नाही. ६५,००० रुपयांत तेवढाच फरक मिळतो.

एक मात्र उलट करू नका. वजन कमी करायचं म्हणून पाण्याची बाटली घरी ठेवून निघणारे लोक मी पाहिलेत. जानेवारीत निभावेल, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ते जिवावर बेतेल. दोन्ही बाटल्या भरलेल्याच हव्यात.

आता त्या १६ रुपयांकडे या, जे टायरमध्ये जातात. तुमच्या पत्रात टायरचा एकदाही उल्लेख नाही आणि मला वाटतं खरा पैसा तिथे अडकलाय. सायकलसोबत येणाऱ्या स्वस्त टायरची कडेची तार पोलादी असते, कापड जाड आणि रबर कडक. रस्त्यावर ते रबर प्रत्येक फेऱ्याला दबतं आणि पूर्ण उसळत नाही, त्यात ताकद मुरते. घडी घालता येणारा, बारीक विणीच्या कापडाचा टायर हाच तोटा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी करतो. तुमच्या घाटात तो सरासरी दीड मिनिट देईल. होय, दीड मिनिट. शिवाय सपाटीवर, पाचोऱ्याकडे, धुळ्याकडे, जिथे जाल तिथे प्रत्येक किलोमीटरला देईल. चढ संपला म्हणून त्याचं देणं थांबत नाही.

वजनही घटतं. ४७० चा टायर ३०० वर येतो, १४० ची ट्यूब १०० ग्रॅमची मिळते. दोन्ही चाकांचे मिळून ४२० ग्रॅम. खर्च सात हजारांच्या आसपास धरा. जळगावकराला ग्रॅमचा भाव लगेच कळतो म्हणून तसाच मांडतो. टायर-ट्यूबमध्ये ग्रॅममागे १७ रुपये, कार्बन चाकांत ग्रॅममागे १०३ रुपये. आणि टायरचे १७ रुपये वजनासोबत दीड मिनिटही देतात.

चाळीस ग्रॅमच्या त्या पातळ रंगीत प्लास्टिकच्या ट्यूब हल्ली सगळीकडे दिसतात. तुमचे ब्रेक रिंगवर लागतात, लांब उतारावर रिंग तापते, आणि त्या ट्यूब बनवणारे काही जण स्वतःच रिंग-ब्रेकवर वापरू नका म्हणतात. तुम्ही घाटातले. साधी रबराची हलकी ट्यूब घ्या.

टायर निवडताना सर्वांत हलका निवडू नका. आपला मुलूख काट्यांचा आहे. पाऊस संपला की रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात आणि थंडीभर तिथेच पडून असतात. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून जातात आणि काटे रस्त्यावर सांडत जातात. दोनशे ग्रॅमचा शर्यतीचा टायर पहिल्याच आठवड्यात दोनदा बसेल. २८ मिलिमीटरचा, रबराखाली काटे अडवणारा पट्टा असलेला, तीनशे ग्रॅमच्या आसपासचा टायर घ्या. आत्ता तुमच्या सायकललाही २८ च असेल तर तो ब्रेकखाली आणि फ्रेममध्ये बसतो, तेवढं आधी बघून घ्या. मोठा घेऊ नका. राइडहून आल्यावर चाक सावकाश फिरवत टायरवर बोट फिरवायची सवय लावा. सराटा आत शिरायला बऱ्याचदा दोन-तीन किलोमीटर घेतो, त्याआधी नखाने उपटता येतो.

हवेचंही बघा. ट्रकच्या हवेवाल्याकडे भरून घेत असाल तर तिथे ती ११० च्या पुढे कधी गेली ते कळतही नाही. तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये मागे ८०, पुढे ७५ पीएसआय पुरे. जास्त कडक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, आणि उडीत गेलेली ताकद तुमचीच असते. दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप घरी असू द्या.

कार्बनबद्दल माझी खरी हरकत वजनाची नाहीच, उताराची आहे. रिंगवर ब्रेक लागतो तेव्हा सगळी उष्णता रिंगच सोसते. अॅल्युमिनियम ती लवकर बाहेर टाकतं. कार्बनची रिंग टाकत नाही. लांब, खडा उतार, सतत दाबलेला ब्रेक आणि दुपारचं ऊन, यात कार्बनच्या रिंगचा राळेसारखा बांधणारा भाग मऊ पडू शकतो. तोरणमाळहून उतरताना सातपायरीच्या घाटात वळणावर वळण येतं आणि हात ब्रेकवरून उठत नाही. तिथे रिंग तापण्याची भीती सोबत घेऊन उतरू नये. कार्बनला ब्रेकचे वेगळे रबर लागतात. जुने लावले तर त्यात रुतलेले अॅल्युमिनियमचे कण रिंग खरवडतात. मित्राची चाकं एका रविवारपुरती मागून बघायचा विचार असेल तर ही गोष्ट आधी लक्षात घ्या, त्याच्या रिंगचं नुकसान तुमच्या हातून नको.

आणि तारा. अशा हलक्या जोडीत पुढे बऱ्याचदा वीस, मागे चोवीस तारा असतात. तुमच्या चाकाला बत्तीस. बत्तिसातली एक तुटली तर चाक थोडं डुगडुगतं, ब्रेक सैल करून तुम्ही घरी पोचता. विसातली एक तुटली की रिंग ब्रेकला घासते आणि सायकल हातात धरून चालावं लागतं. तिथल्या चपट्या तारा चाळीसगाव-पाचोऱ्याच्या दुकानात मिळायच्या नाहीत, मागवाव्या लागतील. तुमची साधी गोल तार कुठलाही सायकलवाला बसवून देतो. जुना मिस्त्री दोन-दोन तारा चिमटीत धरून दाबतो, मग प्रत्येकीला नखाने टिचकी मारून आवाज ऐकतो. एका बाजूच्या सगळ्या तारा एकाच सुरात वाजल्या की तो पुढे सरकतो. असा माणूस गाठा आणि दोन्ही चाकांचा आउट काढून घ्या, हबचे छर्रे धुऊन नवं ग्रीस भरून घ्या. चाक हलकं फिरणं म्हणून जे आपण म्हणतो त्यातलं बरंच या दीड-दोनशे रुपयांत होतं.

पावसाळ्यानंतर शिवारातल्या वाटेने आलात तर टायर, ब्रेक आणि फ्रेम यांच्या फटीत काळी माती थापल्यासारखी बसते, वाळल्यावर ढेकूळ होऊन. ती काडीने खरवडून एकदा काट्यावर ठेवाच. मी एकदा ठेवली होती, आणि चाकं बदलण्याआधी चाकं धुवावीत असं मला त्या दिवसापासून वाटतं.

वजन वाढवणारा एक खर्च मात्र मी तुम्हाला आनंदाने सांगेन. तुमची कॅसेट ३२० ग्रॅमची आहे, मोठी चकती बहुधा २५ किंवा २८ दात्यांची. ती मोजा. ३२ दात्यांची घेतली तर पन्नासेक ग्रॅम वाढतील, पण तोरणमाळच्या चढात गुडघे वाचतील. मागचा गिअर बदलणारा हात तेवढी मोठी चकती पेलतो का हे दुकानात आधी तपासून घ्या. साखळीही कदाचित दोन-चार कड्या लांब लागेल. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे आणि शहादा-म्हसावदकडून जाताना शेवटचा भाग कन्नडसारखा तीन टक्क्यांचा नाही. तिथे हलकं चाक नसेल तर चालतं, हलका गिअर नसेल तर उतरून चालावं लागतं.

चाकं कधी बदलायची ते तुमची रिंगच सांगेल. ब्रेक जिथे घासतो त्या पट्टीवर बारीक खाच किंवा छोटे खळगे असतात. ते दिसेनासे झाले की रिंग संपली, मग ती वापरणं धोक्याचं. तेव्हा नवी अॅल्युमिनियमची जोडी बांधून घ्या. ४६० ग्रॅमच्या रिंगा, मधे बारीक केलेल्या ६४ तारा, पितळी निपलं, बरे हब. बेरीज १७५५ च्या आसपास येते, म्हणजे पावणेचारशे ग्रॅम वाचले, तारा बत्तीसच राहिल्या, आणि खर्च कार्बनच्या निम्म्याहूनही कमी. आणखी एक. नव्या सायकली आता बहुतेक डिस्क ब्रेकच्या येतात. आज घेतलेली रिंग-ब्रेकची कार्बन जोडी तुमच्या पुढच्या सायकलला बसणारच नाही.

घरी अजून बोललो नाही, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला चाकांपेक्षा जास्त वेळ डोक्यात राहिलं. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि त्यावर घरातल्या सगळ्यांची वर्षभराची मोजदाद असते. या ६५,००० रुपयांबद्दल आधी घरी बोला. सगळं ऐकून, बोलून, तरीही तुम्हाला ती चाकं हवीच असतील, कारण ती सुंदर दिसतात आणि त्यांचा घरघर आवाज मनात भरलाय, तर ते कारण मी कमी मानत नाही. फक्त घरी सांगताना कारण म्हणून ते सांगा, घाटातली आठ मिनिटं सांगू नका. आणि उतारावर जपा.

माझं विचाराल तर या आठवड्यात टायर आणि ट्यूब. पुढच्या आठवड्यात आउट, ग्रीस आणि ब्रेकचे नवे रबर. पगारावर जमेल तेव्हा कॅसेट. एवढ्यात दहा हजारांच्या आत-बाहेर काम होतं आणि जानेवारीला अजून वेळ आहे. नवे टायर बसल्यावर चारेक रविवार घाट चढा, एकदा निवांत, एकदा दम लागेपर्यंत, आलटून पालटून. सुरुवातीची दोन किलोमीटर मुद्दाम हळू जा. बेचाळीस मिनिटं लागणाऱ्या बहुतेकांचा दम पहिल्या दहा मिनिटांतच संपलेला असतो.

तोरणमाळला निघाल की म्हसावदला दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून घ्या, वर जाताना दुकानं विरळ होत जातात. जादा ट्यूब दोन, एक नव्हे. उतरताना ब्रेक धरून ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही घट्ट दाबा, वेग पडला की सोडा, रिंगला तेवढ्यात वारा लागतो. मधे एकदा थांबून बोट रिंगच्या जवळ न्या, टेकवू मात्र नका, धग नुसती जवळ नेली तरी कळते. आणि बाटलीचा प्रयोग केलात तर दोन्ही रविवारचे आकडे मला नक्की पाठवा.